मधमाशीचं भाडं किती? एका पेटीच्या मागे लपलेलं शेतीचं गणित

व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड तुम्हालाही कधी ना कधी आलेला असेल. आइनस्टाइनचा फोटो, आणि खाली असं काहीतरी की मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल. आइनस्टाइन असं कधी बोलल्याचा कुठेही पुरावा नाही. तो भौतिकशास्त्रज्ञ होता, मधपाळ नव्हता. पण फॉरवर्डची खरी अडचण त्याहून मोठी आहे. त्यामुळे आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. "मधमाश्या संपतील का?" असं विचारलं की उत्तर भीतीत अडकतं. त्याऐवजी "मधमाशी जिवंत ठेवायला किती खर्च येतो आणि तो कोण भरतो?" असं विचारलं की सगळं चित्र एकदम स्पष्ट व्हायला लागतं. कारण जगात काही ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर चक्क रोख पैशात मिळतं. तिथे मधमाश्या भाड्याने मिळतात, त्यांचा रेट असतो, करार होतात, पेट्यांची चोरी होते आणि आता पेट्यांमध्ये सेन्सरही बसायला लागले आहेत.

आधी थोडं बेसिक: कुठल्या पिकाला माशी लागते?

फुलातले परागकण नराकडून मादीकडे पोहोचले तरच फळ किंवा बी धरतं. याला परागीभवन म्हणतात. गहू, भात, ज्वारी, मका या पिकांचं काम वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागतं. ऊस तर आपण कांडी लावून वाढवतो. म्हणजे माश्या गेल्या तरी भाकरी आणि साखर ताटात राहील. द्राक्षालाही माशीची फारशी गरज नाही. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा साध्या माश्यांचं काम जास्त चालतं.

पण कलिंगड, काकडी, कारलं, दोडका या वेलींवर नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. पराग चिकट, वाऱ्याने उडत नाही. कलिंगडाचं मादी फूल एकच दिवस उमलतं, तेही सकाळी. त्या काही तासांत पुरेशा माश्या आल्या नाहीत तर फळ गळतं किंवा वेडंवाकडं होतं. स्ट्रॉबेरीचंही तसंच. महाबळेश्वरला एखादी स्ट्रॉबेरी एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने आकसलेली दिसली, तर त्यामागे बऱ्याचदा अपुरं परागीभवन असतं.

जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी साधारण तीन चतुर्थांश पिकांना प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा थोडा तरी फायदा होतो. पण वजनात मोजलं तर अशा पिकांचा वाटा साधारण ३५ टक्के येतो. तोही "थोडा तरी फायदा" होणाऱ्या पिकांचा, संपूर्ण अवलंबून असणाऱ्यांचा नाही. त्यामुळे उपासमारीची गोष्ट जरा फुगवलेली आहे. धोका आहे तो फळं, भाज्या, तेलबिया आणि बियाण्यांना. म्हणजे पोट भरण्यापेक्षा जेवणाच्या दर्जाला, आणि शेतकऱ्याच्या खिशाला.

अर्थशास्त्रज्ञांचा लाडका गैरसमज

१९५२ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने एक उदाहरण दिलं. शेजारी शेजारी सफरचंदाची बाग आणि मधपाळ. बागेमुळे मधपाळाला मध मिळतो, माश्यांमुळे बागेला फळं मिळतात, पण कोणीच कोणाला पैसे देत नाही. असा फुकट फायदा बाजाराच्या हिशोबात येत नाही, म्हणून सरकारने अनुदान किंवा करातून मध्ये पडावं, असा मुद्दा. मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं आणि हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं.

गंमत अशी की कोणी प्रत्यक्ष बागेत जाऊन बघितलंच नव्हतं. १९७३ मध्ये स्टीव्हन च्युंग या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात चौकशी केली, तर तिथे बागायतदार आणि मधपाळ यांच्यात आधीपासूनच व्यवहार चालू होते. काही लेखी करार, काही नुसते तोंडी. रेटही अगदी तर्काला धरून. सफरचंदाच्या फुलातून मध फारसा मिळत नाही, म्हणून तिथे बागायतदार मधपाळाला भाडं देतो. क्लोव्हरसारख्या चाऱ्याच्या पिकातून भरपूर मध मिळतो, तिथे उलट मधपाळ शेतकऱ्याला जागेचं भाडं देतो, कधीकधी मधाच्या बरण्यांच्या रूपात.

च्युंगचा मुद्दा बरोबर होता, पण अर्धाच. ज्या माशीला मालक आहे, तिचा बाजार तयार होतो. ज्या माशीला मालकच नाही, तिचं काय? हा प्रश्न लक्षात ठेवा, शेवटी आपल्याकडे येताना तो पुन्हा लागणार आहे.

कॅलिफोर्निया: जिथे फेब्रुवारीत अख्ख्या देशाच्या माश्या गोळा होतात

तुम्ही खाता त्या बदामाची पिशवी उलटून बघा. "कॅलिफोर्निया" असं लिहिलेलं असण्याची शक्यता खूप मोठी, कारण जगातले सुमारे ८० टक्के बदाम तिथेच पिकतात. सेंट्रल व्हॅली नावाच्या लांबलचक खोऱ्यात सुमारे १३ ते १४ लाख एकरांवर उत्पादन देणाऱ्या बागा आहेत. आणि तिथली मुख्य जात नॉनपरेल स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसऱ्या जातीच्या झाडावरून पराग आणावाच लागतो. म्हणून बागेत दोन-तीन जातींच्या रांगा आलटून पालटून लावतात आणि मध्ये मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात.

एकरी साधारण दोन पेट्या. करा हिशोब: सव्वीस ते अठ्ठावीस लाख पेट्या हव्यात. अमेरिकी कृषी विभागाच्या वार्षिक मध अहवालात अख्ख्या देशातल्या पेट्यांची संख्या साधारण २५ ते २७ लाखांच्या घरात असते. नव्या बागांतल्या काही जातींना पेट्या कमी लागतात आणि दोन्ही आकडे मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे दोन्ही अगदी जुळत नाहीत. पण मथितार्थ एकच: देशातल्या बहुतेक व्यावसायिक पेट्या दरवर्षी फेब्रुवारीत एकाच राज्यात पोहोचतात. फ्लोरिडापासून नॉर्थ डकोटापर्यंतचे मधपाळ ट्रकवर चारशेहून जास्त पेट्या लादतात, वरून जाळी टाकतात आणि हजारो किलोमीटर प्रवास करून बागेत उतरवतात. दोन-तीन आठवडे फुलोरा, की पुन्हा लोडिंग.

२००० च्या आसपास एका पेटीचं भाडं ५० डॉलरच्या जवळपास होतं. २००५-०६ च्या सुमाराला ते झपाट्याने चढून दीडशेच्या आसपास गेलं, आणि अलीकडच्या वर्षांत २०० डॉलरच्या घरात आहे. आपल्या पैशात साधारण १७ हजार रुपये, एका पेटीचे, एका फुलोऱ्याचे. बदामाचा मध कडवट असतो, त्यामुळे त्यातून काही मिळत नाही. सगळी कमाई भाड्याची.

आता बागायतदाराच्या बाजूने बघू. एकरी साधारण २००० पौंड बदाम. भाव चार डॉलर असेल, जसा २०१४ च्या आसपास जवळपास होता, तर एकरी ८००० डॉलर. त्यात पेट्यांचे ४०० म्हणजे विसावा हिस्सा. पण भाव दीड डॉलरच्याही खाली घसरला, जसा २०२२ मध्ये घसरला, तर तेच ४०० डॉलर उत्पन्नाचा सातवा हिस्सा खातात. खर्चात मग खते, पाणी, मजुरी वेगळी. त्यामुळे बदाम उत्पादक मधमाश्यांच्या तब्येतीची बातमी आपण पेट्रोलच्या भावाची वाचतो तशी वाचतात.

भाडं चढण्यामागे बागा वाढणं हे एक कारण. दुसरं कारण पेटीच्या आत आहे.

मोहरीच्या दाण्याएवढा शत्रू

२००६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत विचित्र गोष्ट घडायला लागली. पेटी उघडावी तर राणी आहे, पिल्लं आहेत, मधही आहे, पण कामकरी माश्या गायब. मेलेल्याही सापडत नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या डेव्ह हॅकनबर्ग या मधपाळाने ही तक्रार पहिल्यांदा जाहीरपणे मांडली. "कॉलनी कोलॅप्स" हे नाव जगभर गाजलं. मोबाईल टॉवरपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. टॉवरची थिअरी तर आजही आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरते.

पुढच्या वर्षांत त्या विशिष्ट लक्षणांच्या घटना कमी झाल्या, पण माश्या मरणं थांबलं नाही. आणि बहुतेक तज्ज्ञ ज्याच्याकडे बोट दाखवतात तो गुन्हेगार जुनाच आहे: व्हरोआ नावाचा कोळीवर्गीय परजीवी. मोहरीच्या बारीक दाण्याएवढा, तांबूस. माशीच्या अंगावर चढतो, बंद कप्प्यातल्या पिल्लावर वाढतो आणि जाताना विषाणू टोचून जातो. त्यातल्या एका विषाणूने माशी जन्मतःच चुरगळलेले पंख घेऊन बाहेर येते.

हा परजीवी मुळात आशियातला, आपल्या सातेरी माशीच्या जातीवरचा. सातेरी त्याच्यासोबत हजारो वर्षं राहिली आहे. ती एकमेकींचं अंग साफ करते, आणि व्हरोआ तिच्याकडे मुख्यतः नरांच्याच कप्प्यात वाढू शकतो. त्यामुळे दोघांचं कसंबसं जमलेलं. मग माणसाने युरोपीय माशी आशियात आणली, व्हरोआने तिच्यावर उडी घेतली, आणि तिच्याकडे बचावाची काही सवयच नव्हती. अमेरिकेत तो १९८७ मध्ये सापडला.

एप्रिल २०२२ ते एप्रिल २०२३ या एका वर्षात अमेरिकी मधपाळांच्या सुमारे ४८ टक्के वसाहती मेल्या. जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात व्यावसायिक मधपाळांचं सरासरी नुकसान ६२ टक्क्यांच्या आसपास नोंदलं गेलं. कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा विषाणूंचा भडका सापडला, आणि तपासलेल्या व्हरोआमध्ये ॲमिट्राझ या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या औषधाला दाद न देण्याचे गुण सापडले. अँटिबायोटिक वारेमाप खाल्ल्यावर जे होतं, तेच.

दरवर्षी निम्म्या मरतात, मग संख्या कमी का होत नाही?

हा या सगळ्या विषयातला सगळ्यात न समजलेला भाग आहे, म्हणून जरा सावकाश.

मधमाशीची वसाहत "कॉपी-पेस्ट" करता येते. एक दणकट पेटी घ्या, निम्म्या फ्रेम, म्हणजे पोळ्याच्या चौकटी, माश्या आणि पिल्लांसकट दुसऱ्या पेटीत टाका, तिथे विकत आणलेली नवी राणी सोडा. राणीची किंमत साधारण ३०-४० डॉलर. चांगली राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते, कामकरी माशी २१ दिवसांत तयार होते, आणि दोन-अडीच महिन्यांत एकाच्या दोन वसाहती उभ्या राहतात. म्हणून वसंतात मधपाळ हिवाळ्यातला खड्डा भरून काढतो आणि वर्षाच्या मध्यावर मोजलं तर आकडा जिथल्या तिथे. रँडल रकर आणि वॉल्टर थर्मन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी हेच आकड्यांनी दाखवलं आहे: बाजाराने मधमाश्या टिकवल्या.

टिकवल्या, पण कोणाच्या जिवावर? एका मधपाळाच्या १०० पेट्या आहेत असं धरा. सगळ्या तगल्या तर फेब्रुवारीत २० हजार डॉलर भाडं. ६२ मेल्या तर ३८ पेट्यांचे ७,६०० डॉलर. औषधं, साखरेचा पाक, ट्रकचं भाडं हा खर्च मात्र शंभर पेट्यांवर आधीच झालेला. उरलेल्या पेट्या विभागायच्या तर त्या वर्षी त्या मध कमी देणार. म्हणजे देशाचा आकडा स्थिर दिसतो आणि त्याच्या खाली एखादा मधपाळ कायमचा धंदा सोडतो. आजाराची किंमत माश्यांच्या मोजणीत दिसत नाही. ती दिसते भाड्यात, कर्जात आणि धंदा बंद करणाऱ्यांमध्ये. "माश्या नामशेष होत आहेत" आणि "काही झालेलं नाही, संख्या तेवढीच आहे" अशा दोन्ही हेडलाइन यामुळेच फसव्या आहेत.

शिवाय फेब्रुवारी हा माशीच्या दृष्टीने झोपेचा काळ. बागायतदाराला मात्र माश्यांनी भरलेल्या आठ फ्रेमची पेटी हवी. त्यामुळे मधपाळ जानेवारीतच पाक आणि परागाचा कृत्रिम खुराक देऊन वसाहत फुगवतात. काही जण त्याआधी आयडाहोसारख्या ठिकाणी थंड गोदामात पेट्या ठेवतात, म्हणजे राणी अंडी घालणं थांबवते आणि व्हरोआलाही वाढायला पिल्लं मिळत नाहीत.

सेन्सर कशाला? खोक्यात काय आहे ते कळायला

बागायतदार २०० डॉलर देतो ते खोक्याचे नाही, आतल्या माश्यांचे. पण बाहेरून भरलेली पेटी आणि अर्धमेली पेटी सारखीच दिसते. सेकंडहँड फोन घेताना बॅटरीची खरी हालत फक्त विकणाऱ्याला माहीत असते ना, तसंच. म्हणून करारात "सरासरी आठ फ्रेम" असं लिहितात, आणि तपासनीस काही पेट्या उघडून फ्रेम मोजतो. जास्त भरल्या तर बोनस, कमी भरल्या तर कपात. पण तो शंभरातल्या मोजक्याच पेट्या उघडतो, तेही एका दिवशी.

इथे टेक कंपन्या आल्या. इस्रायलमध्ये सुरू झालेली बीहीरो ही कंपनी पेटीत छोटा सेन्सर ठेवते. तो तापमान, आर्द्रता आणि आवाज टिपतो. यामागचं जीवशास्त्र साधं आहे. पिल्लं असतील तिथे माश्या तापमान ३४-३५ अंशांवर धरून ठेवतात, बाहेर कितीही थंडी असो. ते तापमान डळमळायला लागलं की माश्या कमी पडताहेत. राणी नसेल तर पेटीचा गुणगुणाट बदलतो. पेटीखाली वजनकाटा असेल तर मध किती येतोय तेही कळतं. हा डेटा क्लाउडवर जातो आणि बागायतदाराला फोनवर दिसतं की त्याच्या बागेत प्रत्यक्ष किती ताकदीच्या माश्या आहेत. बीवाइज ही दुसरी कंपनी तर मोठ्या कपाटासारखी पेटी बनवते, जिच्या आत रोबो फ्रेम उचलून कॅमेऱ्याने तपासतो.

सेन्सरचं दुसरं काम म्हणजे चोरी पकडणं. पेट्या उघड्या रानात, रात्री राखण नाही आणि एकेकीचं भाडंच १७ हजार. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फ्रेझ्नो भागात जवळपास १० लाख डॉलर किमतीच्या चोरीच्या पेट्या सापडल्या होत्या. आता काही मधपाळ पेटीत जीपीएस ट्रॅकर लपवतात. पेटी चोरायला माश्या हाताळता येणं गरजेचं, त्यामुळे चोर बहुधा धंद्यातलाच असतो.

पण माझं मत विचाराल तर या गॅजेटांचं मार्केटिंग जितकं चकचकीत आहे तितका त्यांचा उपयोग रोगावर नाही. सेन्सर सांगतो की वसाहत आजारी आहे. व्हरोआ तो मारत नाही. व्हरोआ मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत आजही अगदी लो-टेक आहे: अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण ३००, अल्कोहोलमध्ये घालून हलवायच्या आणि खाली पडलेले कोळी मोजायचे. नऊच्या वर निघाले, म्हणजे शंभर माश्यांमागे तीनहून जास्त, तर उपचार करायची वेळ झाली. त्या ३०० माश्या मरतात, म्हणून नवखे मधपाळ हे टाळतात आणि पुढे ३० हजार गमावतात. फोटोवरून व्हरोआ शोधणारी बीस्कॅनिंगसारखी ॲप्स आहेत, पण बरेचसे कोळी बंद कप्प्यात किंवा माशीच्या पोटाखाली दडलेले असतात, तिथे कॅमेरा काय करणार?

माशीच नको, असं केलं तर?

भाडं वाढलं की पर्याय शोधले जातातच. इंडिपेंडन्स नावाची बदामाची जात स्वतःच्या परागाने फळ धरते, तिला पेट्या कमी लागतात, आणि कॅलिफोर्नियात तिच्या लागवडी वाढल्या आहेत. ड्रोनने पराग फवारणाऱ्या कंपन्याही आहेत, पण पराग आधी गोळा करायला लागतो आणि तो स्वस्त नसतो. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या हानयुआन भागात नासपतीच्या झाडांवर माणसं चढून पिसांच्या काडीने फुलाफुलाला पराग लावतात. मजुरी स्वस्त होती तोवर ते परवडलं. टोमॅटोच्या ग्रीनहाऊसचं उदाहरण वेगळं: टोमॅटोचं फूल थरथरवल्याशिवाय पराग सोडत नाही आणि मधमाशीला ते जमत नाही. त्यासाठी युरोपात १९८० च्या दशकाच्या शेवटी भुंग्यासारख्या केसाळ बंबलबीच्या वसाहती खोक्यात भरून विकायला सुरुवात झाली. आपल्याकडे वांग्याच्या फुलावर हेच काम काळा भुंगा करतो, फुकटात.

आता आपल्याकडे: मालक नसलेल्या माश्या

आपल्याकडे हिमाचलचे सफरचंद बागायतदार बऱ्याच वर्षांपासून पेट्या भाड्याने घेतात. महाराष्ट्रात डाळिंब आणि कांदा बीजोत्पादनाच्या पट्ट्यात काही शेतकरी पेट्या आणतात. पण कॅलिफोर्नियासारखा ठरलेला रेट, फ्रेमची मोजणी, लेखी करार असा बाजार नाही. कारण सरळ आहे. बहुतेक काम रानातली आग्या माशी, झुडपातली फुलोरी, झाडाच्या ढोलीतली सातेरी आणि एकेकट्या राहणाऱ्या शेकडो जातींच्या माश्या करून जातात. बिल येत नाही, म्हणून कोणी मोजत नाही.

२०१३ मध्ये जगभरातल्या ४१ पीक-पद्धतींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रानटी कीटकांच्या भेटींमुळे फळधारणा पाळीव मधमाशीच्या तेवढ्याच भेटींपेक्षा दुपटीने वाढलेली दिसली. म्हणजे पेटी आणून ठेवली की रानातल्या माश्यांची भरपाई झाली, असं नाही.

आणि मालक नसलेली माशी आजारी पडली तर तिला पाक घालणारा, राणी विकत आणणारा कोणी नसतो. अमेरिकेत व्हरोआ आल्यावर झाडांच्या ढोलीतल्या मोकळ्या वसाहती मोठ्या प्रमाणात मेल्या. ऑस्ट्रेलियात २०२२ च्या जूनमध्ये न्यूकॅसल बंदराजवळ व्हरोआ सापडला, सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या यंत्रणेने त्याचं समूळ उच्चाटन करण्याचा नाद सोडला, आणि तेव्हापासून तिथल्या शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे: आजवर रानातल्या माश्या जे फुकट करत होत्या, त्याचं भाडं आता किती?

सातेरी व्हरोआला पुरून उरली, पण तिचंही एक दुखणं आहे. थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगून मरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात या रोगाने सातेरीच्या बहुतांश पाळीव वसाहती संपवल्या. रानातल्या किती गेल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

महाराष्ट्रात नुकसानीचा सगळ्यात स्पष्ट हिशोब कांद्याच्या बियाण्यात दिसतो. बुलढाणा, जालना, नाशिक या भागांत हिवाळ्यात कांद्याच्या डेंगळ्यांची पांढरी शेतं दिसतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि मादी भाग नंतर तयार होतो, त्यामुळे दुसऱ्या फुलाचा पराग कीटकानेच आणावा लागतो. संकरित बियाणं असेल तर मादी ओळीत परागच नसतो, म्हणजे माशी आली नाही तर बी जवळपास शून्य. आणि याच पिकावर फुलकिडे येतात, त्यांच्यासाठी फवारणी होते. फुलोऱ्यात, सकाळी, माश्या शेतात असताना फवारलं की फुलकिड्यांसोबत माश्याही जातात. शेजाऱ्याने फवारलं तरी तेच, कारण माशीला बांध कळत नाही. ती दोन-तीन किलोमीटर सहज फिरते. पेट्या भाड्याने देणारा मधपाळ अशा गावात दुसऱ्या वर्षी येत नाही, किंवा आला तर जास्त पैसे मागतो. फवारणी संध्याकाळी करणं आणि आदल्या दिवशी मधपाळाला फोन करून पेट्या बंद ठेवायला सांगणं, एवढ्या दोन गोष्टींना खर्च जवळपास काहीच नाही.

कलिंगडवाल्यांकडे हाच हिशोब वेगळ्या रूपात येतो. किडीपासून वाचवायला रोपांवर पांढरं क्रॉप कव्हर टाकतात. छान उपाय. पण फुलं लागल्यावर ते काढावंच लागतं, नाहीतर माशी आत जाणार कशी? चार दिवस उशीर झाला की पहिल्या, सगळ्यात मोठ्या फळांची संधी गेली.

पाळायचंच असेल तर यंत्रणा जुनी आहे. पुण्यातली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून चालू आहे. महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून राज्य खादी मंडळाची मधकेंद्र योजना चालते, त्यात साहित्यावर ५० टक्के अनुदान मिळतं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं "मधाचं गाव" म्हणून जाहीर झालं. केंद्राने २०२० मध्ये मधमाशीपालनासाठी ५०० कोटी रुपयांचं अभियान जाहीर केलं आणि २०२१ मध्ये मधुक्रांती पोर्टल सुरू केलं, ज्यावर मधपाळ आपल्या पेट्यांची नोंद करतात.

यातल्या बहुतेक योजनांचा भर मधावर आहे, कारण मध किलोत मोजता येतो. एका जुन्या पण बरेचदा वापरल्या जाणाऱ्या अंदाजानुसार २००५ मध्ये कीटकांनी केलेल्या परागीभवनाचं जगभरातलं मूल्य १५३ अब्ज युरो होतं, म्हणजे माणसाच्या खाण्यासाठी पिकवलेल्या शेतमालाच्या किमतीच्या साडेनऊ टक्के. हा आकडाही जपून वापरायचा. माश्या नसत्या तर शेतकरी पिकं बदलतील, भाव बदलतील, तेव्हा तोटा नेमका एवढाच होईल असं नाही. पण मधाची उलाढाल त्याच्या आसपासही पोहोचत नाही, हे नक्की.

आणि पोर्टलवर नोंद होते ती मालक असलेल्या पेटीची. तुमच्या सोसायटीच्या सातव्या मजल्याच्या सज्जाखाली जे आग्याचं पोळं लागतं, ते त्यात नाही. आग्या चिडली तर जीवघेणी ठरू शकते, त्यामुळे दारातलं पोळं हलवावं लागतं हे मान्य. पण ते बहुतेकदा फुलोऱ्याच्या हंगामापुरतं आलेलं असतं, फुलं सरली की आपणहून निघून जातं. पेस्ट कंट्रोलला फोन लावण्याआधी पुण्यातल्या त्या संस्थेत किंवा जवळच्या प्रशिक्षित मधपाळाकडे विचारा की ते न मारता काढता येईल का, की महिनाभर तसंच राहू दिलं तर चालेल.